विजेच्या गिटारचा आवाज : व्हॉल्व्हपासून संगणकापर्यंत



संगीतावरील व्याख्यान म्हटले, की एखाद्या घराण्याची गायकी किंवा नाट्यसंगीताची वाटचाल यांसंबंधी काही ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा असते. आजचा विषय त्यापेक्षा निराळा आहे; पण तो आपल्या घरात येऊन बसलेला आहे, म्हणून निवडला. हल्ली पुष्कळ घरांतून एक दृश्य दिसते. मुलगा किंवा मुलगी गिटार घेऊन बसते, गिटारची वायर एका लहानशा पेटीत जाते, पेटी संगणकाला जोडलेली असते आणि कानांवर हेडफोन असतो. घरातल्या इतरांना तारांची बारीक किणकिण तेवढी ऐकू येते. वाजविणाऱ्याच्या कानात मात्र एखाद्या मोठ्या मैदानावर घुमावा तसा आवाज घुमत असतो. संगणकाच्या पडद्यावर पाहावे, तर तेथे जुन्या रेडिओसारख्या दिसणाऱ्या पेट्यांची चित्रे, त्यांवर फिरवावयाची बटणे, आणि पेट्यांपुढे ठेवलेला मायक्रोफोनसुद्धा!

आता प्रश्न असा, की जेथे पेटीच नाही तेथे पेटीचे चित्र कशाला? नसलेल्या कर्ण्यापुढे नसलेला मायक्रोफोन कशासाठी? ही व्यवस्था संगणकावर कशी मांडावयाची याची माहिती देणाऱ्या पुस्तिका मिळतात. अमुक बटण दाबा, तमुक आकडा निवडा, असे त्यांत लिहिलेले असते. का, ते बहुधा नसते. त्या 'का'चे उत्तर इतिहासात आहे. नव्वद वर्षांहून अधिक काळात जे जे घडले, त्याची एकेक खूण त्या पडद्यावर शिल्लक राहिली आहे. तो इतिहास थोडक्यात आपल्यापुढे ठेवावा, आणि त्यातून आज उभा राहिलेला एक प्रश्नही मांडावा, असा माझा विचार आहे.

आरंभ होतो तो अमेरिकेतील नृत्यवृंदांपासून. १९२० नंतरच्या दशकात या वृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम असली दणदणीत वाद्ये असत. त्यांच्यात बसलेल्या गिटारवादकाची अवस्था लग्नाच्या वाजंत्रीत सतार घेऊन बसलेल्या माणसासारखी होती. तो वाजवीत असे. ऐकू कोणालाच येत नसे. लॉस एंजेलिसचे एक वादक जॉर्ज बीचम यांनी यावर उपाय शोधला. लोहचुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार कंप पावली, की शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह वाढवून कर्ण्याला दिला, की तारेचा आवाज मोठा होतो. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने हे वाद्य १९३२ साली बाजारात आले. लांब दांडा आणि गोल चपटे अंग यांमुळे लोक त्याला 'तळण्याचा तवा' म्हणत. त्याचे पेटंट १९३७ साली मिळाले.

हे पहिले वाद्य मांडीवर आडवे ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवावयाचे, म्हणजे हवाईयन पद्धतीचे होते. या पद्धतीशी आपलाही संबंध आहे. मींड काढण्यास ती सोयीची असल्यामुळे आपल्या देशात ती चांगलीच रुजली. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजविल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच जातीच्या गिटारवर रागसंगीत वाजविले. तेव्हा विजेची गिटार म्हणजे केवळ परक्यांचा गोंगाट, असे मानण्याचे कारण नाही.

गिटारमधून निघणारा प्रवाह अगदी क्षीण असतो. तो वाढविण्याचे काम त्या काळी एकच वस्तू करू शकत होती. ती म्हणजे रेडिओचा व्हॉल्व्ह. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन टोकांचा व्हॉल्व्ह बनविला, त्याच्या जोरावर रेडिओ घराघरांत गेला, आणि रेडिओ दुरुस्त करणारी माणसे गावोगाव तयार झाली. गिटारचा ॲम्प्लिफायर याच माणसांच्या हातून घडला. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले आणि १९४६ साली स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली. गंमत अशी, की फेंडर यांना गिटार वाजविता येत नसे! त्यांची दृष्टी शुद्ध कारागिराची होती. आवाज मोठा व्हावा पण स्वच्छ राहावा, त्यात खरखर येऊ नये, एवढेच त्यांचे ध्येय होते.

परंतु वादकांनी या ध्येयाला सुरुंग लावला. प्रथम तो अपघाताने लागला. १९५१ साली मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' या गाण्याचे ध्वनिमुद्रण व्हावयाचे होते. प्रवासात गिटारच्या ॲम्प्लिफायरला इजा झाली, कर्ण्याचा कागद बिघडला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्यात कागदाचे बोळे कोंबून काम भागविण्यात आले. त्यातून जो भरडा, गुरगुरता आवाज निघाला, तो लोकांना आवडला. १९५८ साली लिंक रे या वादकाने तसाच आवाज मिळावा म्हणून कर्ण्याला मुद्दाम भोके पाडली. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एक भाग नादुरुस्त झाला आणि मंद्र सप्तकातील गिटारचा सूर फाटून निघाला. तेथील तंत्रज्ञांनी तो दोष टाकून न देता त्याची नक्कल करणारे मंडल बनविले, आणि १९६२ साली 'फझ-टोन' या नावाने एक पेटी विक्रीस आली. पायाने कळ दाबली, की आवाज फाटलाच! १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रजी वृंदाच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ती वाजली आणि जगभर गेली.

एक पाऊल थांबून, या फाटण्यात आवडण्यासारखे काय आहे, ते पाहू. व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर काम दिले, की ध्वनिलहरीची शिखरे दबतात, चपटी होतात. लहरीचा आकार बदलला, की मूळ स्वराबरोबर अनेक वरचे उपस्वर उमटतात. शिवाय मोठा आवाज दबतो आणि लहान आवाज त्याच्या बरोबरीला येतो. म्हणून छेडलेली तार लवकर विझत नाही, गज फिरविल्याप्रमाणे गात राहते. इंग्रजीत याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'विकृती'. पण आपल्या संगीतशास्त्रात कोमल आणि तीव्र स्वरांनाही 'विकृत' म्हणतात, आणि त्या शब्दात निंदा नाही. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर घोडीवर जवारी लावतात आणि गवई तारेखाली दोरा सारतो, ते तरी कशासाठी? तार घोडीला किंचित घासून झंकारावी, तिच्यातून उपस्वरांचा मोहोळ उठावा, यासाठीच. तारेचा 'शुद्ध' आवाज जवारीवाचून निर्जीव वाटतो, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

आणखी एक चमत्कार आहे. दोन स्वर एकदम अशा ॲम्प्लिफायरमधून गेले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीएवढा तिसरा स्वर उत्पन्न होतो. षड्ज सेकंदाला २०० कंपनांचा धरला, तर पंचम ३०० चा. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज! न वाजविलेला खर्ज आपोआप मिळतो. रॉक संगीतातील वादक षड्ज-पंचमाची जोडी इतक्या आवडीने का वाजवितात, त्याचे एक कारण हे आहे. हीच गोष्ट गंधार घालून केली, की गढूळपणा येतो. यंत्राच्या दोषाने संगीताची रचनाही बदलली, ती अशी.

आता लंडनला जाऊ. तेथे हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. तरुण गिटारवादक येत आणि अमेरिकेतील फेंडरचे ॲम्प्लिफायर मागत. ते महाग असत. तेव्हा मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेंडरच्या 'बेसमन' या नमुन्याचे मंडल समोर ठेवून १९६२-६३ च्या सुमारास आपला ॲम्प्लिफायर बनविला. सरळ सांगावयाचे, तर ती नक्कल होती. पण इंग्लंडात मिळणारे सुटे भाग निराळे होते. फेंडरची पेटी मागे उघडी आणि तीत दहा इंची चार कर्णे. मार्शलने बारा इंची चार कर्णे बंद पेटीत बसविले. परिणाम असा झाला, की नक्कल मुळाबरहुकूम झाली नाही. तिचा आवाज अधिक दाट, अधिक आक्रमक झाला. १९६५ साली १०० वॅटचे ॲम्प्लिफायर झाले, कर्ण्यांच्या पेट्यांवर पेट्या चढल्या, आणि १९६६ साली लंडनला आलेल्या जिमी हेन्ड्रिक्सने त्यांतून जे काढले, ते फेंडरच्या स्वप्नातही आले नसते. ही हकीकत आपण लक्षात ठेवावी. शेवटी मला तिच्याकडेच यावयाचे आहे.

मात्र या वैभवाला एक अडचण होती. व्हॉल्व्हमधून हा आवाज काढावयाचा, तर ॲम्प्लिफायर पुऱ्या जोरात लावावा लागे. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर घरात पूर्ण जोरात लावणे म्हणजे शेजाऱ्यांशी जन्माचे वैर! म्हणून 'मोठा आवाज, पण हळू' या विचित्र वस्तूचा शोध सुरू झाला. 'बोस्टन' या वृंदाचे गिटारवादक टॉम शोल्झ हे शिक्षणाने इंजिनिअर. त्यांनी १९८२ साली 'रॉकमन' नावाचे, कमरेला अडकवावयाचे आणि हेडफोनवर ऐकावयाचे यंत्र काढले. १९८९ साली 'सॅन्सॲम्प' ही लहान पेटी निघाली. तिच्यात व्हॉल्व्ह नव्हते, पण व्हॉल्व्ह, कर्णा आणि मायक्रोफोन या तिघांच्या एकत्रित आवाजाचे अनुकरण होते. १९९५ साली जपानच्या रोलँड कंपनीने हेच काम आकडेमोडीने करणारे यंत्र आणले. १९९८ साली अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीने 'ॲम्प फार्म' हा कार्यक्रम संगणकासाठी तयार केला. पण तो चालविण्यास त्या वेळी संगणकात वेगळी महागडी कार्डे बसवावी लागत. साधा संगणक पुरेसा वेगवान झाला, तेव्हा इटलीतून 'ॲम्प्लिट्यूब' (२००२) आणि बर्लिनमधून 'गिटार रिग' (२००४) हे कार्यक्रम आले. आपल्या मुलांच्या पडद्यावर जे दिसते, ते यांच्याच वंशातले.

संगणकाला हे काम जड का गेले? जो यंत्रगणक चूक करीत नाही, त्याला एका विशिष्ट प्रकारची चूक शिकवावयाची होती, म्हणून. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. त्या संख्येच्या निम्म्याहून अधिक कंपनांचा स्वर त्याला मांडता येत नाही. आवाज फाटला, की फार उंच उपस्वर उत्पन्न होतात; ते मर्यादेबाहेर जातात आणि खोटे स्वर होऊन खाली परततात. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते ना? तसाच हा प्रकार. म्हणून चांगले कार्यक्रम आकडेमोड कितीतरी अधिक नमुन्यांवर करतात आणि मग ती खाली आणतात. हे सारे वादकाच्या बोटांबरोबर, तत्क्षणी व्हावे लागते.

एवढे समजले, म्हणजे मांडणीतील एकेक पायरी आपोआप उलगडते. पहिली पायरी, गिटारची वायर कोठे लावावयाची. ऑडिओ इंटरफेस नावाच्या पेटीवर गिटारचे चित्र असलेली किंवा 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेली एक कळ असते. ती दाबली, की पेटीचा प्रवेशरोध सुमारे दहा लाख ओहम होतो. फेंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेहमी एवढाच रोध असे. गिटारमधील बारीक तारेच्या हजारो वेढ्यांना यापेक्षा फार कमी रोध जोडला, तर वरचे स्वर मरतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. म्हणून ती कळ विसरता कामा नये.

दुसरी पायरी, प्रवेशाचा जोर. सर्वांत जोराने वाजवून पाहावे आणि लाल दिवा लागणार नाही इतपतच जोर ठेवावा. व्हॉल्व्हची विकृती हळूहळू येते आणि गोड लागते. नमुने घेणाऱ्या यंत्राची मर्यादा ओलांडली, की लहर कातरल्यासारखी तुटते. आवाज फाडावयाचा तो पुढे, चित्रातल्या ॲम्प्लिफायरमध्ये, दारातच नव्हे.

तिसरी पायरी विलंबाची. संगणक नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो. १२८ नमुन्यांचा गठ्ठा ४८,००० च्या गतीने भरावयास २.७ मिलिसेकंद लागतात. येताना आणि जाताना मिळून, पेटीचा स्वतःचा वेळ धरून, सात-आठ मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून अडीच मीटरांहून थोडा अधिक जातो. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या ॲम्प्लिफायरएवढे अंतर झाले. ते कोणाला खटकत नाही. गठ्ठा १,०२४ चा ठेवला, तर ॲम्प्लिफायर जणू पंधरा मीटर दूर जातो आणि हात ठेक्याबाहेर पडू लागतो. विंडोजच्या नेहमीच्या मार्गात असा उशीर फार होई, म्हणून हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली 'आसिओ' हा जवळचा मार्ग काढला. पेटीबरोबर मिळणारा आसिओ चालक बसवून तोच निवडावा, गठ्ठा १२८ पासून सुरू करावा, आणि आवाज तडतडू लागल्यास २५६ वर न्यावा. पेटीची गिटार थेट ऐकविण्याची कळ चालू असेल, तर ती बंद करावी. नाही तर कोरा आणि शिजलेला असे दोन आवाज एकदम कानी पडतात.

चौथी पायरी, पेट्यांचा क्रम. आधी सूर जुळविण्याचे साधन, मग वा-वा आणि फझ यांसारखी पायपेटी, मग ॲम्प्लिफायर, मग कर्णा, आणि प्रतिध्वनी व घुमारा शेवटी. हा क्रमही अनुभवाने ठरला. १९५० च्या दशकात प्रतिध्वनीचे यंत्र ॲम्प्लिफायरच्या आधी लावीत, कारण ॲम्प्लिफायर स्वच्छ होते. ते फाटू लागल्यावर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद एकत्र फाटून चिखल होऊ लागला. म्हणून प्रतिध्वनी मागे गेला. कर्णा तर कधीही वगळू नये. गिटारचा बारा इंची कर्णा सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर फारसे देतच नाही, आणि ते फार बरे आहे. तो गाळणीचे काम करतो. गाळणी काढली, तर फाटलेला आवाज डब्यात कोंडलेल्या माशांसारखा भणभणतो. नसलेल्या कर्ण्यापुढे मायक्रोफोन कशाला, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे : आपण तबकड्यांवर जो आवाज ऐकून मोठे झालो, तो मुळी ॲम्प्लिफायरचा एकट्याचा कधी नव्हताच, कर्णा आणि मायक्रोफोन हे त्याचे भागीदार होते. उलट, हा सगळा आवाज खऱ्या गिटार-ॲम्प्लिफायरला जोडावयाचा असेल, तेव्हा पडद्यावरील कर्णा बंद करावा. दोन गाळण्या लागल्या, तर काही उरत नाही.

आता शेवटच्या आणि महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. २०११ साली जर्मनीतील क्रिस्टोफ केम्पर यांनी एक यंत्र दाखविले. त्यात मंडलाचा अभ्यास करावा लागत नाही. खऱ्या ॲम्प्लिफायरमधून ठरावीक आवाज पाठवावयाचे, काय बाहेर येते ते ऐकावयाचे आणि त्याचा नमुना उतरून घ्यावयाचा. त्यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाळ्यांना हेच शिकविण्यात आले. फिनलंडमधील न्यूरल डीएसपी ही कंपनी २०१७ साली या कामासाठी निघाली, आणि 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हा कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो. आज व्हॉल्व्ह तयार करणारे कारखाने मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथे, मोजकेच उरले आहेत. जुने ॲम्प्लिफायर झिजत आहेत. अशा वेळी त्यांचे आवाज उतरून ठेवणे, आणि जे श्रीमंतांच्या दालनात होते ते विद्यार्थ्याच्या टेबलावर फुकट येणे, ही मोठीच गोष्ट आहे. तिचे मोल कमी लेखू नये.

याला 'नक्कल' म्हणून नाके मुरडणारे आहेत. त्यांना मी मार्शलकडे बोट दाखवीन. मार्शल ही नक्कलच होती. नक्कल हा या परंपरेला लागलेला कलंक नाही. परंपरा नकलेनेच वाढली आहे. मला निराळीच काळजी वाटते. मार्शलची नक्कल चुकली, म्हणून नवा आवाज जन्मला. रॉकेट ८८ चा कर्णा बिघडला, नॅशव्हिलचे यंत्र नादुरुस्त झाले, म्हणून नवे आवाज जन्मले. आजची नक्कल चुकतच नाही! १९५९ चा आवाज हवा, तर तो जसाच्या तसा, अमुक बटण तमुक ठिकाणी असताना जसा होता तसा मिळतो. तबकडीवरून बुवांची चीज बिनचूक उचलावी, पण बुवांसमोर बसून तालीम कधी घेऊ नये, तशातला हा प्रकार होण्याचा संभव आहे. ज्या यंत्राला वाटेल तो आवाज निर्माण करता येईल, त्याच्याकडून आपण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पेट्यांची चित्रेच काढून घेत राहिलो, तर पुढच्या पिढीने नक्कल करावी असे आपल्याजवळ काय उरेल?

म्हणून घरातल्या गिटारवादकाला माझे सांगणे एवढेच, की मांडणी शास्त्रशुद्ध करा, तयार नमुने ऐका, त्यांतून शिका. पण एका संध्याकाळी तयार नमुना बाजूला ठेवून पेट्यांचा क्रम उलटा लावून पाहा. प्रतिध्वनी आधी, फझ नंतर. दोन ॲम्प्लिफायर एकापुढे एक. कर्णा भलताच. बहुतेक वेळा कचराच निघेल. तंत्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास जे ऐकले, तेही पहिल्या क्षणी कचराच होते. ते फेकून न देता त्यांनी पुन्हा ऐकले. आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की पुढच्या वेळी मुलगा हेडफोन लावून बसला, तर तो हेडफोन त्याच्याकडून मागून घ्यावा आणि पाच मिनिटे स्वतःच्या कानांवर ठेवावा. तंबोऱ्याच्या जवारीवर वाढलेल्या कानांना तो आवाज अगदीच अनोळखी वाटणार नाही.